खंडेनवमीचं तेल

खंडेनवमीला बंदुकीला कुंकू लावायचं वीणाच्या मनातही नव्हतं. ट्रॅक्टरला दारातच झेंडूचा हार घालून झाला होता. विळा, खुरपं, दुधाच्या बादल्या, शेळ्यांचे खूर कापायची कात्री आणि तिचं शिलाई मशीन पडवीत ओळीनं मांडलं होतं. ती हळदीचं बोट पुसतेय तोच तिचा नवरा नंदू लोखंडी कपाट उघडून ती लांबलचक बंदूक घेऊन आला आणि पाटावर आडवी ठेवून म्हणाला, "घरात शस्त्र म्हणावं असं हे एकच आहे. हिला सोडून खंडेनवमी कसली?"

वीणाला त्या वस्तूची भीती वाटायची. रिकामी असली तरी वाटायची. नळीचं तोंड आपल्याकडे नाही ना, हे बघूनच ती पाटाजवळ बसली. घाईघाईत कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, फुलानं पाणी शिंपडलं. पाणी जरा जास्तच पडलं आणि काडतूस आत ढकलणाऱ्या लोखंडी बोल्टच्या फटीतून आत ओघळलं.

नंदू तेवढ्यात शेळ्यांकडे गेला होता. आता आत गंज चढणार आणि ह्यांच्या तोंडचा पट्टा सुटणार, म्हणून तिनं पदरानं वरवर पुसलं. मग न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली आणून बोल्टच्या मागच्या बाजूनं चांगली धार धरली. कराडला तिच्या माहेरी मशीनला, कात्रीला, दाराच्या बिजागऱ्यांना आणि पोरींच्या डोक्यांना एकच तेल असायचं. ऑक्टोबरच्या उन्हात तेल पाण्यासारखं पातळ होतं. ते आत उतरलं, तिनं बाहेरचं पुसून घेतलं आणि आरतीला नंदूला हाक मारली. पुढं तीन महिने तिला त्या तेलाची आठवणही झाली नाही.

नंदूनं पेन्सिल्वेनियाच्या रस्ते खात्यात छत्तीस वर्षं पूल तपासले होते. पुलाखाली दोरानं लोंबकळून एकेक बोल्ट हातोडीनं ठोकून बघायचा. रिटायर झाल्यावर स्टेट कॉलेज गावापासून पंचवीस मैलांवर, डोंगराच्या पाठीमागच्या खोऱ्यात त्यानं बारा एकर घेतले आणि चौदा शेळ्या बांधल्या. लोक हसले. कॉलेजातली मराठी पोरं मात्र दिवाळीला गाडी काढून दूध न्यायला यायची आणि वीणाच्या हातची भाकरी खाऊन जायची.

बंदूक खोऱ्यातल्याच एका दुकानात मिळाली. दुकानदार म्हणाला, जुना लष्करी माल आहे, तुमच्याच देशातून आलाय. नंदूनं बघितलं तर दस्त्याजवळच्या लोखंडी कडीवर एकोणीसशे सदुसष्ट साल कोरलेलं, आणि घडण थेट त्याच्या एन.सी.सी.तल्या बंदुकीची. लग्नात वर्गमित्र भेटावा तसा तो तिला धरून उभा राहिला. फॉर्म भरला, चौकशी झाली, बंदूक घरी आली. हर्नडन शहराहून लेकीनं, अनयानं, फोनवर आकाशपाताळ एक केलं. "घरात नाही ठेवायची हं बाबा! आय ॲम सीरियस." म्हणून कपाट पडवीत आलं. पडवीला हीटर नव्हता.

जानेवारी लागला आणि खोरं गोठलं. पारा शून्याच्या खाली गेला की पाण्याच्या हौदावर सकाळी कुऱ्हाड चालवावी लागायची. आणि त्याच थंडीत कायोटी खाली उतरले. नंदू त्यांना लांडगे म्हणायचा. वीणा कोल्हे म्हणायची, कारण कोल्हा म्हटलं की जीव जरा कमी घाबरतो. संध्याकाळी त्यांची कुई सुरू झाली की तिच्या हातातली पोळी तव्यावर करपायची.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी ती तीळ भाजत होती. शेळ्या एकदम ओरडल्या. नंदूनं पडवीतून बंदूक काढली आणि बर्फातून कुंपणाकडे निघाला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला सगळं दिसत होतं. कुंपणाबाहेर एक करडं जनावर मान खाली घालून उभं होतं. नंदूनं नेम धरला आणि चाप ओढला. खट्, एवढाच आवाज झाला.

बार उडालाच नाही. नंदूनं बंदूक खाली घेतली आणि काय झालं ते बघायला मान वाकवली. तेवढ्यात धडाम् झालं. त्याच्या डाव्या बुटाशेजारी वीतभर अंतरावर बर्फ आणि माती उडाली.

वीणाच्या हातातलं उलथणं खाली पडलं. नंदू तिथंच उभा होता. आधी त्यानं बुटाकडे बघितलं, मग घराकडे. तिनं बघितलंय हे त्याला कळलं. तो आत आला तेव्हा तीळ जळून घरभर धूर झाला होता.

"लागलं का हो?"

"नाही."

"मग पाय का ओढताय?"

"ओढत नाही. बूट ओले झालेत." खुर्चीवर बसून तो बराच वेळ बुटाची नाडी सोडत राहिला. "अनयाला सांगू नकोस."

दुपारी शेजारचा हार्पस्टर आला. पंचाहत्तरीचा शेतकरी, जन्म ह्याच खोऱ्यातला. नंदूला तो 'नॅन्डू' म्हणायचा. जेवणाच्या टेबलावर बंदूक ठेवून दोघं शेगडीशेजारी तासभर चहा पीत बसले. हार्पस्टरनं बोल्ट मागंपुढं केला, कान लावून ऐकला, नळीतून उजेड बघितला. बोल्टच्या पोटात एक पिन असते, ती काडतुसाच्या टोपीवर आपटली की बार उडतो. ती पिन बाहेर काढायला एक लांबट किल्ली लागते. ती दोघांकडेही नव्हती. पण खटका तर खणखणीत वाजत होता. मग मागच्या टेकाडावर हार्पस्टरनं स्वतः पाच बार काढले. पाचही जागच्या जागी उडाले.

"बंदुकीला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "पण एक लक्षात ठेव, नॅन्डू. खट् वाजून बार उडाला नाही, तर नळी समोरच ठेवायची आणि साठ मोजायचे. साठ होईपर्यंत बोल्टला हात लावायचा नाही. घाई करणाऱ्यांचे डोळे गेलेले मी बघितलेत."

वीणानं ते दारातून ऐकलं.

आठवड्यानं कायोटी पुन्हा आले. ह्या वेळी दोघं होते आणि कुंपणाच्या आत होते. शेळ्यांत सावळी सगळ्यांत मऊ स्वभावाची, गाभण, पाच महिने पुरत आलेली, पोट जमिनीला टेकायला आलेलं. तिला पळताच येईना. नंदू पोचला तेव्हा एकानं तिला मानेला धरलं होतं. नंदूनं नेम धरून चाप ओढला.

पुन्हा नुसतं खट्.

वीणा पायरीवर उभी होती. नंदूची पाठ तिला दिसत होती. नळी समोर धरून तो मोठ्यानं मोजत होता. "एक, दोन, तीन..." सावळी ओरडत होती. अकराला ती ओरडायची थांबली. तेवीसला त्यांनी तिला ओढत कुंपणाच्या फटीपर्यंत नेलं. नंदू मोजतच होता. चाळीसला ते झाडीत शिरले. तो साठपर्यंत मोजत राहिला, मग बोल्ट उघडला आणि काडतूस बर्फात पडलं.

हार्पस्टरनं ते काडतूस चष्मा वर करून बघितलं. टोपीवर नुसता ओरखडा होता, खळगा नव्हताच.  मग नंदूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बोल्टचा दांडा पूर्ण खाली बसला नाही तर असंच होतं. ठोका अर्धा पडतो. थंडीत, घाईत, आपल्या वयाला हाताला कळत नाही, नॅन्डू. माझ्या भावाचंही असंच सुरू झालं होतं."

नंदू हसला. छत्तीस वर्षं लोकांच्या पुलांचे बोल्ट तपासले, असं काहीतरी तो म्हणाला. तो पाणी प्यायला आत गेला. पेला त्यानं दोन्ही हातांनी धरलेला वीणानं बघितला.

लपवायचं तरी किती? अनयाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा नंदूनं आपणहून सगळं सांगून टाकलं.

"बाबा, थँक्सगिव्हिंगला तुमच्या हातून चहा सांडला होता. मी तेव्हाच घरी म्हटलं होतं, दॅट इज नॉट नॉर्मल. आता पुरे. शेळ्या देऊन टाका, ती गन विका, आणि इकडे या. बेसमेंट रिकामंच आहे."

"हं," नंदू म्हणाला. "शनिवारी एक माणूस येतोय शेळ्या बघायला. तो सगळ्याच नेईल."

ही गोष्ट वीणाला तेव्हा पहिल्यांदा कळली. तिच्याकडे न बघता नंदूनं फोन तिच्या हातात दिला आणि तो शेगडीत लाकूड सारायला वाकला. त्यानं बंदुकीचा बोल्टही काढून ठेवला होता. विकेपर्यंत नुसता लोखंडाचा दांडा राहू दे, म्हणाला. चिंधीत गुंडाळलेला बोल्ट स्वयंपाकघरातल्या खणात, पोळपाटाशेजारी पडून राहिला.

खरं सांगायचं तर वीणाला बरंच वाटलं. हर्नडनला पाच मिनिटांवर कढीपत्ता मिळतो. तिथं कुणी कुई करत नाही. तिथं सकाळी उठल्यावर पहिल्यांदा कुंपणाकडे बघावं लागत नाही आणि नवऱ्याच्या बुटाशेजारी माती उडत नाही. तिनं मनातल्या मनात दोन बॅगा भरायलाही घेतल्या.

मंगळवारी तिला न्हायचं होतं. न्हाणीघराच्या खिडकीत ठेवलेली खोबरेलाची बाटली तिनं उपडी केली. काही पडलं नाही. पिळली, तरी काही पडलं नाही. आत पांढराशुभ्र गोळा थिजला होता. दर हिवाळ्यात थिजतो तसाच. तिनं बाटली गरम पाण्याच्या नळाखाली धरली आणि कडेकडेनं तेल सुटायची वाट बघत उभी राहिली.

आणि एकदम तिला पाटावरची बंदूक आठवली. बोल्टच्या मागच्या बाजूनं धरलेली ती धार आठवली.

नळ वाहत राहिला. पडवीत हीटर नाही, शेगडीशेजारी मात्र बंदूक खणखणीत वाजते. हार्पस्टरनं तासभर चहा पिऊन मग बार काढले होते. पिनच्या भोवती तेल थिजलंय आणि ती सरकतच नाही, म्हणून ठोका अर्धा पडतो. चाळीस वर्षं इंजिनियरबरोबर संसार केलेल्या बाईला एवढं कळायला वेळ लागला नाही. ह्यांच्या हाताचा काही दोष नव्हता, तेलाचा होता, आणि ते तेल आपण घातलं होतं. बूट थोडक्यात वाचला तोही आपल्यामुळंच. सावळी गेली तीही आपल्यामुळंच.

आत्ता जाऊन सांगावं, असं वाटून ती न्हाणीघराच्या दारापर्यंत आली. नंदू जेवणाच्या टेबलाशी बसला होता. उजवा हात त्यानं पुढं धरला होता आणि तो एकटक बोटांकडे बघत होता. तिची चाहूल लागताच त्यानं हात खाली घेतला.

ती बोलली नाही. बोलली तर शेळ्या राहणार, बंदूक राहणार, कोल्हे राहणार. शनिवारला चारच दिवस राहिले होते. ती परत आत गेली आणि डोक्याला तेल चोळलं. 

बुधवारी नंदू म्हणाला, "दूध तू काढ. माझा हात नको." दूध देणाऱ्या दोनच शेळ्या उरल्या होत्या आणि दोन्ही त्याच्या हाताला सवयीच्या. वीणानं धार काढायला घेतली तर त्या मागं वळून वळून त्याला शोधत होत्या. गुरुवारी शर्टाचं वरचं बटण लागेना, तर त्यानं ते तसंच उघडं सोडलं. दुपारी तिनं बघितलं, तो सुईत दोरा ओवत होता. ओवायचा, काढायचा, पुन्हा ओवायचा. एकदा चुकलं तेव्हा त्यानं सुई टेबलावर ठेवली आणि तळव्यांत तोंड झाकलं. चाळीस वर्षांत तिनं त्याला असं बघितलं नव्हतं. भीती आता तिला कोल्ह्यांची वाटत नव्हती. हर्नडनच्या बेसमेंटमध्ये हा माणूस कुठल्या खुर्चीत आणि कसा बसून राहील, ते तिला दिसलं. उद्या सकाळी सांगायचंच, असं ठरवून ती झोपली.

शुक्रवारी सकाळी उजाडून तास झाला होता. चहा उकळत होता, नंदू दाढी करून आला होता, आणि ती तोंड उघडणार तोच शेळ्या ओरडल्या.

नंदू उठला. पडवीत गेला. कपाटाकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. गवताचे गठ्ठे उचलायचा काटा भिंतीला टेकून होता, तो घेऊन तो बाहेर पडला.

खिडकीतून वीणानं बघितलं. कायोटी तीन होते. नंदू शेळ्यांच्या आणि त्यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला आणि काटा पुढं धरून ओरडायला लागला. एक मागं सरकला. दुसरा बाजूनं वळसा घालायला लागला. नंदू त्याच्याकडे वळला आणि त्याचा पाय घसरला. एका गुडघ्यावर बसला तो. तिसरा पुढं आला.

वीणानं खण ओढला. चिंधीतला बोल्ट काढून स्वेटरच्या आत काखेत दाबला. कपाटाची किल्ली कुठं असते ते तिला माहीत होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं ती बंदूक उचलली. नळी गार होती, बोटांची कातडी चिकटत होती. काडतुसाच्या डब्यातली तीन काडतुसं मुठीत घेतली, नंदूचे मोठे बूट पायात सरकवले आणि ती बर्फातून धावली. साडीचा पदर बाजूला उडत होता. मध्ये एकदा पडली आणि उठली.

"मागं हो!" नंदू ओरडला. "वीणा, मागं हो! कशाला आलीस?"

"हे घ्या! बोल्ट घ्या!"

"माझ्या हातानं नाही व्हायचं ते! घरात जा!"

"हात नाही हो! तेल आहे!"

"काय?"

"खोबरेल! खोबरेल घातलंय मी त्यात! खंडेनवमीला! थिजतं ते!" काखेतून काढलेला बोल्ट तिनं त्याच्यापुढं धरला. "गरम आहे. निवायच्या आत उडवा!"

अर्धा क्षण नंदू तिच्याकडे नुसता बघत राहिला. मग काटा टाकून त्यानं बंदूक आणि बोल्ट दोन्ही घेतलं. बोल्ट बंदुकीत सरकला, त्याचं पुढचं टोक खाली बसलं, तिच्या मुठीतलं काडतूस आत गेलं, दांडा पुढं गेला आणि खाली दाबला गेला. सगळं एका दमात झालं. तिसरा कायोटी शेळ्यांवर झेपावला तेव्हा त्याच्या पाठीमागं नुसतं टेकाड होतं. वीणानं कान झाकायलाही हात वर केले नाहीत. तिच्या मनात एकच चाललं होतं, आता खट् वाजणार आणि आपण साठ मोजणार.

बार उडाला. मध्ये जरासुद्धा उसंत नव्हती. जनावर जागच्या जागी पडलं आणि बाकीचे दोघं कुंपणाच्या फटीतून पसार झाले. शेळ्या एका कोपऱ्यात गोळा होऊन थरथरत होत्या.

नंदूनं बोल्ट उघडला. रिकामं काडतूस बर्फात पडून चर्रकन वाजलं. टोपीवर मधोमध खोल खळगा होता. त्यानं बोल्ट बाहेर काढला, नाकाशी नेला आणि हुंगला.

"तुझ्या वेणीचा वास येतोय," तो म्हणाला. "घरात तोच वास असतो, म्हणून मला कळलाच नाही."

वीणा रडायला लागली. "पाणी गेलं होतं आत. गंज चढेल म्हणून घातलं. तुम्ही ओरडाल म्हणून."

"कधी कळलं तुला?"

खोटं बोलता आलं असतं. आत्ताच कळलं, असं म्हणाली असती तर त्यानं मानलं असतं.

"मंगळवारी."

नंदूनं मान हलवली. मनात त्यानं दिवस मोजले ते तिला दिसलं. दुधाचा दिवस, बटणाची सकाळ, सुईची दुपार.  बंदूक त्यानं बर्फात न ठेवता तिच्या हातात दिली आणि कुंपणाची फट बघायला गेला. तार ओढून बांधून तो परत आला तेव्हा ती तिथंच उभी होती.

"तिकडे जायचं होतं तुला?"

"भीती वाटते हो मला इथं. रोज वाटते."

"मला वाटत नाही असं वाटतं का तुला?" तो म्हणाला. मग हातमोजा काढून त्यानं उजवा हात तिच्यापुढं धरला, बोटं ताणून. "बघ. तू बघ आणि खरं सांग. हलतोय?"

वीणानं बघितलं. हात हलत होता. थोडासाच, पण हलत होता. थंडीनं असेल, धावपळीनं असेल, नसेलही. तेल पुसलं तरी हे पुसलं जाणार नव्हतं, आणि आजवरच्या सगळ्या भीतींपेक्षा ही मोठी होती.

"हलतोय," ती म्हणाली. "थोडा."

"हं." तो हाताकडे बघत राहिला. "पण बार लागला."

"लागला."

घरात आल्यावर त्यानं गॅसवर पातेलंभर पाणी ठेवलं, बोल्ट त्यात धुवायचा म्हणून. किल्ली मागवून पिन बाहेर काढावी लागेल, असं तो स्वतःशीच म्हणाला. वीणानं चहाचं करपलेलं भांडं घासायला टाकलं आणि फोन उचलला. शनिवारच्या माणसाचा नंबर फ्रीजवर चिकटवलेला होता.

"काय सांगू त्याला?"

नंदूनं बोल्ट पाण्यात सोडला. पाण्यावर तेलाचे पिवळसर थेंब वर यायला लागले.

"येऊ नको म्हणून सांग," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "आणि अनयाला सांग, डॉक्टरची अपॉइंटमेंट घे. हाताची."

वीणानं नंबर दाबला. पलीकडे रिंग वाजत होती. तिनं खिडकीतून कुंपणाकडे बघितलं, रोज सकाळी बघायची तसं.